अंतःकरणाची वही

(आठवड्याचा अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : नीतिसूत्रें २३:६–८, गणना १३:२५ ते १४:१०, १ करिंथ १३:४–७, फिलिप्पै ४:२–९.
पाठ करावयाचें वचन : नीतिसूत्रें ४:२३.



खेड्यांतील मनुष्यास वही म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. ज्यास अक्षर वाचतां येत नाहीं त्यासही ठाऊक असतें कीं, सावकाराच्या गादीवर लाल कापडांत बांधलेली एक वही आहे, तींत आपलें नांव आहे, आणि तींत जें लिहिलें असेल त्यावर आपलें बीं-बियाणें, मुलीचें लग्न व कधीं कधीं जमिनीचा तुकडाही अवलंबून आहे. वही बंद असते तेव्हांही तिचा अंमल चालू असतो.

अशीच एक वही प्रत्येकाच्या अंतःकरणांत आहे. तींत आपण दिवसभर नोंदी करीत असतों. अमका असें बोलला. तमक्यानें पाहून न पाहिल्यासारखें केलें. मी असा आहें, मी तसा आहें. देवानें शेजाऱ्यास दिलें, मला दिलें नाहीं. ह्या नोंदी कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. परंतु आपलें बोलणें, आपला राग, आपलें धैर्य, आपली प्रार्थना हीं सर्व त्या वहीप्रमाणें चालतात. ह्या वहीविषयीं पवित्र शास्त्र काय शिकवितें, हें आपण ह्या पाठांत पाहूं.

१. कृपणाची मेजवानी

नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायांतील सातवें वचन पुष्कळांच्या परिचयाचें आहे. मनुष्याची खरी ओळख त्याच्या मनांतील विचारांवरून होते, असा त्याचा अर्थ आपण सांगतों. अर्थ खरा आहे. परंतु मागचीं पुढचीं वचनें सोडून एकच वचन घेणें म्हणजे फाटलेल्या चिठ्ठीच्या तुकड्यावरून सारें पत्र ओळखूं पाहण्यासारखें आहे. म्हणून सहाव्यापासून आठव्या वचनापर्यंत एकत्र वाचा. तेथें एका कृपण यजमानाचें चित्र आहे. पक्वान्नें वाढलीं आहेत, आणि तो पाहुण्यास जेवणाचा आग्रह करीत आहे. पण त्याचें चित्त पाहुण्याजवळ नाहीं. पाहुण्यानें किती खाल्लें हें तो मनांतल्या मनांत मोजीत आहे. शास्त्रकर्ता म्हणतो कीं, ह्या मनुष्यास त्याच्या आग्रहावरून ओळखूं नका, त्याच्या मोजणीवरून ओळखा. मूळ इब्री भाषेंतील क्रियापदांत मोजणें, हिशेब करणें असाच भाव आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. आपण मराठींत अंतःकरण म्हटलें कीं माया, दया, दुःख ह्या भावना मनांत येतात. इब्री लोकांच्या भाषेंत अंतःकरण हें विचाराचेंही स्थान होतें. मनुष्य तेथेंच समजतो, तेथेंच बेत करितो, तेथेंच निश्चय करितो. म्हणून ज्या वचनांत अंतःकरणाचें सर्वांपेक्षां अधिक रक्षण करण्याची आज्ञा आहे, त्या वचनाचा रोख आपल्या विचारांकडेही आहे. जीवनाचे झरे तेथून निघतात. विहिरीच्या झऱ्यांतच खारटपणा असला तर पाट कितीही स्वच्छ केला तरी पिकाला खारें पाणीच मिळणार.

प्रभु येशूनेंही हेंच शिकविलें. मार्काच्या सातव्या अध्यायांत परूशी लोक शिष्यांचे न धुतलेले हात पाहून दोष काढितात. प्रभु त्यांस सांगतो कीं, बाहेरून आंत जाणाऱ्या अन्नानें मनुष्य विटाळत नाहीं. जें आंतून बाहेर निघतें त्यानें विटाळतो. मग तो त्या गोष्टींची यादी देतो. चोरी, खून, व्यभिचार, लोभ, गर्व हीं सर्व तींत आहेत. परंतु ह्या यादीच्या आरंभीं वाईट विचार आहेत, हें आपण विसरतों. सोंवळेंओवळें म्हणजे काय हें आपल्या देशांत जन्मलेल्यास सांगावयास नको. प्रभूनें खरें सोंवळें कोठें पाळावयाचें तें दाखविलें.

२. विचार कृतीपर्यंत कसा जातो

यहोशवाच्या सातव्या अध्यायांत आखानाची गोष्ट आहे. यरीहो नगर पडल्यावर लुटींतील कांहींही घेऊं नये अशी आज्ञा होती. आखानानें शिनार देशचा एक सुंदर झगा, दोनशें शेकेल रुपें व पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट घेतली. पकडला गेल्यावर तो स्वतःच्या तोंडानें सारा क्रम सांगतो. आधीं त्यानें पाहिलें, मग त्याला लोभ सुटला, मग त्यानें घेतलें, आणि शेवटीं डेऱ्यांत जमिनींत पुरून ठेविलें. चार पायऱ्या आहेत. लोकांना चौथी पायरी दिसली. देवाला दुसरीही दिसली होती.

पाहणें हें आपल्या हातीं नेहमीं नसतें. रस्त्यानें जातांना डोळ्यांपुढें जें येईल तें येईल. पण पाहिलेल्या वस्तूस मनांत घेऊन बसणें, ती पुनः पुनः उलटून पाहणें, ती आपली असती तर काय झालें असतें ह्याचा हिशेब करणें, हें आपल्या हातीं आहे. आखान पाहून पुढें गेला असता तर तो वांचला असता, आणि आय येथें जे छत्तीस जण मारले गेले तेही वांचले असते. एकाच्या मनांतील नोंदीनें किती घरांत रडणें आलें तें पाहा.

पावसाळ्यांत कच्च्या रस्त्यावर पहिली बैलगाडी जाते तेव्हां चाकांची खूण पुसट असते. दुसरी त्याच खुणेवरून जाते, तिसरीही जाते. चार दिवसांनीं इतकी खोल चाकोरी पडते कीं, गाडीवानानें कासरा ओढला तरी बैल तिच्यांतूनच चालतात. विचारांचें तसेंच आहे. मेंदूचा अभ्यास करणारे आजचे शास्त्रज्ञही सांगतात कीं, एकाच प्रकारचा विचार वारंवार केल्यानें मेंदूंतील तंतूंचे त्या मार्गाचे जोड बळकट होत जातात. पहिल्या दिवशीं जो विचार आम्हीं केला, तो शंभराव्या दिवशीं आम्हांस ओढून नेतो.

३. स्वतःविषयींचा हिशेब

आतां गणनेच्या तेराव्या अध्यायाकडे वळूं. मोशेनें बारा हेर कनान देश पाहावयास पाठविले. चाळीस दिवस ते सर्व एकाच देशांत फिरले. सर्वांनीं तींच तटबंदी नगरें पाहिलीं, तेच धिप्पाड लोक पाहिले, तेथील द्राक्षांचा घोंस दोघांनीं काठीवर घालून आणावा लागला तोही सर्वांनीं पाहिला. बातमी एकच होती. परंतु हिशेब दोन झाले. कालेब व यहोशवा ह्यांनीं आपल्या जमेच्या बाजूस देवाचें नांव मांडिलें. बाकीच्या दहांनीं तें मांडिलेंच नाहीं. तेराव्या अध्यायाच्या शेवटीं ते जें कबूल करितात तें नीट वाचा. त्या धिप्पाड लोकांपुढें आपण टोळांएवढे आहों असें प्रथम त्यांच्याच दृष्टीस दिसलें, आणि मग त्यांच्याही दृष्टीस आपण तसेच दिसलों असतील असें त्यांनीं मानिलें. शत्रूनें त्यांस टोळ म्हटल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं. तो शब्द त्यांच्याच वहींतला होता. त्या एका शब्दापायीं एक सबंध पिढी चाळीस वर्षें रानांत फिरली.

बंधुभगिनींनो, हा शास्त्रभाग आपल्या मंडळ्यांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवाच्या कडेला राहावें लागलें. पिढ्यान् पिढ्या त्यांस ऐकविण्यांत आलें कीं, तुम्ही हलके आहां. हें पाप ऐकविणाऱ्यांचें होतें, ऐकणाऱ्यांचें नव्हे. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या संविधानाच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता रद्द केली, ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानितों. पण दुसऱ्यांनीं लिहिलेली ती जुनी नोंद आपल्याच अंतःकरणाच्या वहींत उतरली असेल, तर ती कोणत्या कलमानें पुसावयाची? कचेरींत आपलें काम रास्त असतांही जो मनुष्य तोंड उघडीत नाहीं, 'आपल्यांतली मुलगी शिकून काय करणार' असें जो बाप म्हणतो, मंडळींत वचन वाचण्यास सांगितलें असतां जी बहीण 'मला काय येतें' म्हणून मागें सरते, त्या सर्वांच्या वहींत टोळ हा शब्द लिहिलेला आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायांतील अकराव्या वचनांत पौल सांगतो कीं, आपण पापाला मेलेले व ख्रिस्तामध्यें देवासाठीं जिवंत आहों असें मोजा. येथें मूळ ग्रीक शब्द हिशेबाचाच आहे. देवानें जी रक्कम आपल्या नांवें जमा केली ती मांडण्यास लाजूं नका.

ह्याच्या उलट चूकही होते. स्वतःस हलका मोजणारा जसा चुकतो, तसाच दुसऱ्यास हलका मोजून स्वतःस उंच समजणाराही चुकतो. बाप्तिस्मा घेऊन कित्येक पिढ्या झाल्या तरी 'ते आमच्यांतले नव्हेत' असें म्हणून सोयरीक मोडणारे ख्रिस्ती लोक आढळतात. त्यांनीं लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांचें चरित्र वाचावें. त्या कडक सोंवळ्याच्या घरांत वाढल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां बाईंचें दुःख अनावर झालें. पुढें पतीजवळ राहावयास आल्यावरही त्या आपला स्वयंपाक व पाणी निराळें ठेवीत. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाहीं. त्यांच्या मनांतच हळूहळू विचार चालू झाला कीं, हे जातिभेद देवानें केले कीं माणसांनीं? देवानें तर मनुष्य निर्माण केला, असें उत्तर त्यांस मिळालें. आणि तें उत्तर मिळाल्यावर सोंवळें आपोआप गळून पडलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही हकीकत त्यांनीं 'स्मृतिचित्रें' ह्या आपल्या पुस्तकांत प्रांजळपणें सांगितली आहे. जेवणाची पंगत बदलण्यापूर्वीं वहींतील नोंद बदलावी लागते, हें त्यांच्या जीवनावरून शिकावें.

४. शेजाऱ्याविषयींचा हिशेब

येथें आम्ही आमचीच गोष्ट सांगतों. ती सांगण्यास लाज वाटते. तथापि दुसऱ्याचे दोष दाखवून पाठ शिकविण्यापेक्षां हें बरें.

सेमिनरींतील शिक्षण संपवून आम्ही एका लहान मंडळींत पाळक म्हणून गेलों. तेथील एक वृद्ध पंच मंडळीचा खजिना सांभाळीत असत. त्या वर्षीं हंगामाच्या उपकारस्तुतीस ज्वारीचीं पंधरा पोतीं जमा झालीं; आम्हीं तीं स्वतः मोजलीं होतीं. महिन्याभरानें विक्रीचा हिशेब पुढें आला, त्यांत तेरा पोतीं. आम्हीं तेथल्या तेथें विचारावयास हवें होतें. आम्हीं विचारलें नाहीं. उगीच वाद नको असें म्हणून गप्प राहिलों, आणि त्या गप्प राहण्यास सौजन्य समजलों. पण वहींत नोंद झाली : दोन पोतीं.

ती नोंद एकटी राहिली नाहीं. त्यांच्या घरावर नवे पत्रे चढले, तेव्हां आमच्या मनानें म्हटलें, दोन पोतीं. नातवाला त्यांनीं तालुक्याच्या शाळेंत घातलें, तेव्हां मनानें म्हटलें, दोन पोतीं. सभेंत ते बोलले तर वाटे, झांकतात. गप्प बसले तर वाटे, मन खातें. त्यांनीं उपासनेंत प्रार्थना केली कीं आमच्या ओठांवर आमेन येई, अंतःकरणांतून येत नसे. त्या दिवसांत आमचे उपदेशही कोरडे झाले होते. त्याचें कारण आम्ही लोकांच्या थंडपणांत शोधीत होतों.

पुढें त्यांची पत्नी अंथरुणास खिळली. मंडळींतील इतर आजाऱ्यांच्या घरीं आम्ही नेमानें जात असूं. त्या घराकडे मात्र पाऊल वळेना. आज काम आहे, उद्यां जाऊं, असें म्हणतां म्हणतां तीन आठवडे गेले. आम्ही गेलों तेव्हां त्या माउलीची शुद्ध हरपली होती. त्याच रात्रीं ती प्रभूकडे गेली. पाळकसाहेब आले काय, असें तिनें दोनदां विचारलें होतें, हें आम्हांस शेजारणीकडून कळलें.

दफनविधीनंतर कांहीं दिवसांनीं कपाटांतील जुनें दप्तर चाळतांना, आमच्या आधींच्या पाळकांच्या वेळचा पंचमंडळीचा एक ठराव हातीं आला. दरवर्षीं उपकारस्तुतीच्या धान्यांतून दोन पोतीं अति गरजू घरीं पोंचवावीं, आणि घेणाऱ्यास संकोच वाटूं नये म्हणून त्याची वाच्यता करूं नये, असा तो ठराव होता. ज्या कागदानें आमचा संशय एका क्षणांत फिटला असता, तो आमच्याच कपाटांत आठ महिने पडून होता.

आम्ही त्यांच्या घरीं गेलों, आणि कांहीं न लपवितां सर्व सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "पाळकसाहेब, विचारलें असतें तर त्याच दिवशीं सांगितलें असतें." त्यांनीं आम्हांस क्षमा केली, आणि पुढें त्या गोष्टीचा कधीं उच्चारही केला नाहीं. परंतु त्या माउलीच्या उशाशीं बसून प्रार्थना करण्याची घटका आम्हांस परत मिळाली नाहीं. क्षमेनें अपराध पुसला जातो. गेलेला दिवस परत येत नाहीं.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत प्रीतीचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांत पांचव्या वचनाच्या शेवटीं एक लक्षण आहे. तेथेंही तोच हिशेबाचा ग्रीक शब्द आला आहे. प्रीति वाईटाची नोंद ठेवीत नाहीं, असा त्याचा भाव आहे. प्रीति आंधळी असते असें पौल म्हणत नाहीं. मंडळीच्या पैशाचा व धान्याचा हिशेब चोख असावा, तो वर्षांतून एकदां सर्वांपुढें वाचला जावा, व शंका असेल तर ती उघड विचारावी. हें सर्व प्रीतीस धरूनच आहे. जें कागदावर उजेडांत असावयास पाहिजे तें मनांत अंधारांत ठेवणें, हें प्रीतीस धरून नाहीं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनांत प्रभूनें वाट दाखविली आहे. भावानें अपराध केला असें वाटलें तर त्याच्याकडे एकट्यानें जावें. ह्या आज्ञेप्रमाणें चाललेल्या मंडळींत भांडणें मुळींच होत नाहींत असें नाहीं. पण तीं मुरत नाहींत.

५. नवी वही

आतां कोणी विचारील, ही वही स्वच्छ कशी करावी? वाईट विचार काढून टाकावे हें सर्वच धर्म सांगतात. पण नुसतें काढून टाकल्यानें काम होत नाहीं, असें प्रभु शिकवितो. मत्तयाच्या बाराव्या अध्यायांत त्यानें एका घराचा दृष्टांत दिला आहे. तेथून अशुद्ध आत्मा निघून गेला. घर झाडलेलें, सुशोभित व रिकामें होतें. तें रिकामें होतें म्हणूनच तो आणखी सात जणांस घेऊन परत आला. शेतांतली हराळी खणून काढली आणि शेत पडीक ठेविलें, तर पुढच्या पावसाळ्यांत ती दुप्पट वाढते. तेथें पीक उभें राहिलें पाहिजे.

ह्या कामाचा आरंभ देव करितो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पांचव्या अध्यायांतील एकोणिसावें वचन काढा. देव ख्रिस्तामध्यें जगाशीं समेट करीत असतां, त्यानें लोकांचे अपराध त्यांच्या खातीं मांडले नाहींत, असा त्याचा भावार्थ आहे. येथेंही तोच शब्द! ज्याच्या वहींत आपल्या विरुद्ध सर्व कांहीं लिहिलेलें असावयास हवें होतें, त्यानें ख्रिस्ताच्या वधस्तंभावर तें खातें फेडलें. ज्याचें एवढें ऋण माफ झालें तो आपल्या भावाचीं दोन पोतीं कशीं धरून बसेल?

मग आपलें काम सुरू होतें. फिलिप्पैकरांस पत्राच्या चवथ्या अध्यायांतील आठव्या वचनांत पौल सांगतो कीं, जें जें सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रिय व लौकिकास योग्य असेल, जो कांहीं सद्गुण व जी कांहीं स्तुति असेल, त्यांचें मनन करा. मनन करा ह्या ठिकाणीं मूळ शब्द पुनः हिशेबाचाच आहे. ह्या गोष्टी मोजा, जमेस धरा. हें पत्र पौलानें कोठून लिहिलें? बंदिवासांतून. कोणास लिहिलें? ज्या मंडळींत युवदीया व सुंतुखे ह्या दोन कष्टाळू बहिणींचें पटत नव्हतें त्या मंडळीस. दुसरें वचन पाहा. म्हणजे हा उपदेश सुखवस्तु मनुष्यानें शांत मंडळीस केलेला नाहीं. बेडींतल्या मनुष्यानें भांडण असलेल्या मंडळीस केलेला आहे. म्हणून तो आपल्या उपयोगी पडतो.

सातव्या वचनांत पौल म्हणतो कीं, देवाची शांति आपलीं अंतःकरणें व आपले विचार राखील. त्या शब्दांत पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाचें चित्र आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, निवृत्त शिपाई तेथें वसविलेले होते. हें चित्र तेथील लोकांस चटकन समजलें असेल. आपण प्रार्थना करावी, आणि दाराशीं पहारा देवाच्या शांतीनें करावा, असा हा करार आहे.

ही गोष्ट रोजच्या जीवनांत कशी आणावी ह्याविषयीं चार सूचना करितों.

पहिली : रात्रीं निजण्यापूर्वीं वही उघडा. आज मनांत कोणाविषयीं काय लिहिलें तें देवापुढें वाचा. स्तोत्र १३९ ह्याच्या शेवटच्या दोन वचनांतील प्रार्थना ह्या वेळेस योग्य आहे. राग असेल तर तो उद्यांवर टाकूं नका.

दुसरी : कोणाविषयीं वाईट ऐकलें तर वहींत लिहिण्यापूर्वीं विचारा, हें सत्य आहे काय? पौलाच्या यादींत सत्य पहिलें आहे. ठाऊक नसेल तर त्या मनुष्याकडे जाऊन विचारा. पारावर विचारूं नका.

तिसरी : आठवड्यास एक वचन पाठ करा. वाचतां न येणाऱ्या बंधुभगिनींस उपदेशकांनीं तें म्हणून दाखवून शिकवावें. खुरपणी करितांना, दळण नेतांना, एसटीची वाट पाहातांना तें मनांत घोळूं द्यावें. एवढ्याशा बीजानें काय होतें म्हणतां? १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका अनोळखी सहप्रवाशानें टिळकांच्या हातीं नवा करार दिला. तो वाचतांना डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन धरून ठेविलें. आज महाराष्ट्राच्या मंडळ्या ज्या कवीचीं भक्तिगीतें गातात, त्या कवीच्या ख्रिस्ती जीवनाचा आरंभ त्या वाचनांत आहे.

चवथी : विचार कृतींत उतरवा. आठव्या वचनानंतर लगेच नववें वचन येतें, आणि तें आचरण करावयास सांगतें. ज्याच्याविषयीं मन कडू झालें आहे त्याच्या शेतावर एक दिवस मदतीस जा. पुष्कळदां पाय आधीं जातात, आणि मन मागून येतें.

६. दोन गोष्टींची सावधगिरी

हा विषय शिकवितांना दोन चुका होतात. पहिली अशी कीं, चांगले विचार म्हणजे मंत्र आहे असें कांहीं जण सांगतात. मनांत श्रीमंती आणा म्हणजे श्रीमंती येईल, मनांत आरोग्य आणा म्हणजे रोग जाईल. शास्त्र असें शिकवीत नाहीं. पौलाचे विचार शुद्ध असतांही त्याच्या बेड्या होत्याच. विचारानें पाऊस पडत नाहीं व कर्ज फिटत नाहीं. म्हणून ज्याचें पीक बुडालें किंवा ज्याचें मूल आजारी आहे, त्यास 'तुझे विचार वाईट, म्हणून असें झालें' असें म्हणूं नये. ईयोबाच्या मित्रांनीं तेंच केलें, आणि देवाचा राग त्यांच्यावरच झाला. विचार परिस्थिति बदलील किंवा न बदलील. परिस्थितींत आपण कोण होऊं हें तो ठरवितो.

दुसरी चूक अशी कीं, मनांत येऊन गेलेला प्रत्येक विचार पाप आहे असें समजून कोमल मनाचीं माणसें स्वतःस जाळून घेतात. मोह प्रभूपुढेंही आला. मोह येणें पाप नव्हे, त्यास ठेवून घेणें पाप. शिवाय मनाचा आजार हा शरीराच्या आजारासारखाच आजार आहे. एखाद्याची झोंप उडाली, अन्न गोड लागेनासें झालें, जगणें नकोसें वाटतें असें तो म्हणूं लागला, तर त्यास उपदेश ऐकवून थांबूं नका. त्यास एकटें सोडूं नका, आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. १ राजे १९ ह्यांत एलीया झुडपाखालीं बसून मरण मागतो. देवानें त्यास प्रथम दटाविलें नाहीं. झोंप दिली, भाकर दिली, पाणी दिलें, पुनः झोंप दिली. बोलणें नंतर केलें. देवानें जो क्रम पाळिला तो आपणही पाळावा.

समारोप

दिवाळींत व्यापारी जुनी वही बंद करून नवी उघडितात. परंतु त्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुनी बाकी ओढून लिहिलेली असते. ख्रिस्ताजवळ मिळणाऱ्या वहीचें पहिलें पान कोरें असतें. त्यावर केवळ त्याचें नांव असतें. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ आपण येतों तेव्हां हेंच पान आपल्यापुढें उघडलें जातें. येत्या प्रभुभोजनापूर्वीं, वाचका, तुझ्या वहींत ज्याचें नांव आहे त्याच्या घरीं जाऊन ये. उद्यांवर टाकूं नको. आम्हीं तीन आठवडे टाकलें.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. नीतिसूत्रें २३:६–८ ह्यांतील यजमान बाहेरून कसा दिसतो, व आंतून काय करितो?
२. बारा हेरांनीं एकच देश पाहिला. मग दोन निराळे हिशेब कां झाले?
३. आपल्या गांवांत स्वतःस टोळ समजण्याचीं कोणतीं चिन्हें दिसतात? दुसऱ्यास टोळ समजण्याचीं कोणतीं?
४. मंडळीचा हिशेब उघडपणें ठेवणें व मनांत अपराधांचा हिशेब न ठेवणें, ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा?
५. ह्या आठवड्यांत कोणाकडे जाऊन बोलावयास पाहिजे? (ह्याचें उत्तर सभेंत न देतां देवापुढें द्यावें.)

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या अंतःकरणांतील प्रत्येक नोंद तुला ठाऊक आहे. ज्या नोंदी आम्ही स्वतःविरुद्ध, शेजाऱ्याविरुद्ध व तुझ्याविरुद्ध करून ठेविल्या, त्या तुझ्या पुत्राच्या रक्तानें पूस. रिकामें झालेलें घर तुझ्या वचनानें भर, आणि तुझी शांति आमच्या दाराशीं पहाऱ्यास ठेव. आमेन.